अर्धा सूत माल

माझ्या नाकावर राग असतो, असं घरचे सांगतात. असतोच. पण तो बिनकारणाचा असतो असं जे त्यापुढे जोडतात, ते मला मान्य नाही. ही हकीकत लिहायला बसले आहे ती त्याचसाठी. हिच्यातला एकही राग बिनकारणाचा नव्हता. एक मात्र चुकीच्या माणसावर निघाला, तोही सांगणार आहे.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आम्ही डोंबिवली पश्चिमेला राहायचो आणि मी ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे काय ते आता समजावून सांगावं लागतं. ड्राफ्ट्समन पेन्सिलीने यंत्राच्या भागांची ड्रॉइंग काढायचे. त्यावर ट्रेसिंग पेपर टाकून ती शाईने रेघ न रेघ उतरवायची, हे माझं काम. मापं त्यांची, शाई माझी. बारा वर्षं हे केल्यावर एखादा भाग नुसता बघून तो लेथवर कसा धरला असेल हे मला सांगता यायचं. विचारायचं मात्र कोणी नाही.

आमचे हेड ड्राफ्ट्समन निवृत्त झाले तेव्हा कपाट रिकामं करताना त्यांनी एक चामड्याचं नळकांडं माझ्या टेबलावर आणून ठेवलं. आत दोनशे मिलिमीटरची जुनी टेलिफोटो लेन्स होती. पूर्व युरोपातली, सगळी धातूची, हातात घेतली की मनगट खाली जाईल इतकी जड. "तुमचा हात स्थिर आहे, तुम्ही वापरा," ते म्हणाले. त्या ऑफिसात माझ्या हाताबद्दल कोणी काढलेले ते पहिलेच बरे शब्द असावेत.

घरी कॅमेरा होता. नवऱ्याच्या चुलतभावाने आखातातून आणलेला, नवाकोरा, जपानी. त्याच्यावर फोटो मीच काढायची. पण लेन्स आट्यांची, म्हणजे बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची, आणि नव्या कॅमेऱ्याला आटेच नव्हते. त्याची लेन्स खाचेत घालून एक हिसका दिला की अडकायची. दोघांची तोंडं काही जुळेनात. म्हणून ठाण्याच्या एका मोठ्या कॅमेऱ्याच्या दुकानात आम्ही नवरा-बायको गेलो. लेन्स माझ्या हातात, कॅमेरा माझ्या गळ्यात, प्रश्न विचारला मी. दुकानदाराने उत्तर दिलं नवऱ्याला. "साहेब, ही आता शोकेसमध्ये ठेवा. वहिनींना एखादा ऑटोमॅटिक घेऊन द्या. बटण दाबलं की झालं." नवरा हसला. त्याला राग येत नाही. त्याच्या वाट्याचाही मीच वापरते. त्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढले नाही, आणि लेन्स वर्षभर कपाटात पडून राहिली.

ती बाहेर निघाली मासळीमुळे.

आमच्याकडे एक कोळीण मावशी यायची. खाडीकाठच्या गावातली, आठवड्यातून तीनदा, डोक्यावर पाटी घेऊन. तिचा नवरा सात वर्षांपूर्वी वारला होता. होडी आता तिचा भाऊ न्यायचा, पण जाळी विणण्यापासून म्हावरं विकण्यापर्यंत सगळा कारभार हिचाच. तिची बोयटं आणि कोलंबी मी डोळे मिटून घ्यायची. एका रविवारी कोलंबी शिजायला टाकली आणि घरभर रॉकेलचा वास सुटला. पातेलं तसंच्या तसं ओतून द्यावं लागलं. मंगळवारी मावशी आली तेव्हा मी जिन्यातच तिला धारेवर धरलं. रॉकेलच्या डब्यात ठेवली होतीस का, शिळं विकतेस का, इतक्या वर्षांची ओळख ठेवलीस का, असं तोंडाला येईल ते. वरच्या-खालच्या मजल्यांवरची दारं उघडली. मावशीने पाटी खाली ठेवली आणि माझं संपेपर्यंत उभी राहिली.

"बोलून झाला तुजा?" ती म्हणाली. "आथा माज्यासंगं चल. बग कनच्या डब्यातला हाय ते."

चुकीच्या माणसावर निघालेला राग तो हाच. त्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली आणि तिच्यासोबत खाडीवर गेले.

तिच्या गावाच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडी डावीकडे वळते. त्या वळणावर, पाण्याच्या पलीकडे, तिवरांच्या झाडीतून एक जाड काळा पाइप बाहेर आलेला होता. कुठल्या कारखान्याचा ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण पाइपावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. जमिनीच्या बाजूने तिथे जायला गेलं की वॉचमन काठी घेऊन यायचा. दर रविवारी, सरकारी ऑफिसं बंद असताना, ओहोटी लागली की त्या पाइपातून तांबूस, फेसाळ पाणी सोडायचे. ओहोटीबरोबर ते पसरायचं आणि दोन तासांत खाडी पुन्हा आपली निमूट दिसायला लागायची. चिखलात निवट्या मासळ्या मरून पडायच्या. जाळ्यात येईल त्याला रॉकेलचा वास.

"अर्ज केला ना," मावशी म्हणाली. "सायेब आयला. बुधवारी आयला, जीपमधून. पानी साफ व्हता. चाय पिला नं गेला. म्हनतो पुरावा आना, फोटो आना. सतरा दिवसानी सुनावनी हाय ठान्याला, शुकरवारी."

साहेबाला बुधवार सोयीचा होता, रविवार नव्हता. विष रविवारी, चौकशी बुधवारी, आणि पुरावा कोणी आणायचा, तर जिची मासळी मेली तिने. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी धक्क्यापासून पाइपापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. अडीचशे मीटर तरी असेल. साध्या लेन्सने त्या अंतरावरचा पाइप फोटोत टाचणीएवढा आला असता. मी मावशीला म्हटलं, "फोटो मी काढते. माझ्याकडे लांबचं बघणारी लेन्स आहे." ती कॅमेऱ्याला बसत नाही, हे सांगितलं नाही. बसवायची कशी ते तिथे उभ्या उभ्या मी मनात ठरवत होते.

मग लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या रिंगचं ड्रॉइंग मी स्वतःच काढलं. बारा वर्षांत पहिल्यांदा मापंही माझी आणि शाईही माझी. कल्याणच्या एका कॅमेरा-दुरुस्तीवाल्याकडून एका मोडक्या लेन्सची मागची पट्टी मिळवली, म्हणजे खाचेत अडकायचं काम तिने केलं असतं. तिच्यावर बसवायची एक रिंग, आतून आट्यांची, त्या आट्यांत जुनी लेन्स फिरवून घालायची. नाजूक माप एकच होतं, जाडी. जुन्या लेन्सला फिल्मपासून जेवढं अंतर लागायचं त्यापेक्षा नव्या कॅमेऱ्यात ते साडेतीन मिलिमीटर कमी होतं. म्हणून पट्टी धरून रिंगची जाडी साडेतीन. ऑफिसातल्या व्हर्नियरने मी जेवणाच्या सुट्टीत तीन वेळा मोजलं आणि ड्रॉइंगखाली, जिथे ड्राफ्ट्समनची सही असते, तिथे माझी सही केली.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथ घेऊन बसलेला एक टर्नर होता. साठीचा माणूस, हात सोन्याचा, असं आमच्या कारखान्यात बोलायचे. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटल्यावर मी त्याच्याकडे गेले. नवरा सोबत होता, कारण शेड मला सापडत नव्हती. टर्नरने ड्रॉइंग उजेडात धरलं आणि नवऱ्याला विचारलं, "आटे एक एमएमचे ना, साहेब?" नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो, एकचे." टर्नरने नवऱ्याकडे बघून मान डोलावली. "मटेरियल ॲल्युमिनियम चालेल ना, साहेब?" मी म्हटलं, "चालेल." त्याने पुन्हा नवऱ्याकडे बघून मान डोलावली. असे पाच-सहा प्रश्न झाले. उत्तरं मी देत होते आणि पोचपावती नवऱ्याला मिळत होती. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण काम चांगलं व्हायला हवं होतं, वेळ कमी होता, म्हणून जन्मात क्वचित गिळते तसा मी राग गिळला. त्याचं फळ पुढे मिळालं.

रिंग गुरुवारी तयार झाली. मी ठाण्याहून येईपर्यंत शेड बंद व्हायची, म्हणून नवरा जाऊन घेऊन आला. तेलकट वर्तमानपत्रात गुंडाळलेली, चकचकीत. "काम छान झालंय म्हणाला," एवढंच नवऱ्याने सांगितलं आणि तो हातपाय धुवायला गेला. मी लेन्स रिंगमध्ये फिरवली. आटे लोण्यासारखे बसले. रिंग कॅमेऱ्यात घातली, हिसका दिला, टक्‌ असा आवाज आला. मला नाचावंसं वाटलं.

गॅलरीत जाऊन मी लांबचं काहीतरी बघायला लेन्स उचलली. आता डोंबिवलीतल्या आमच्या गॅलरीतून लांबचं म्हणजे काय, तर समोरची बिल्डिंग. तीस फुटांवर. तिच्या डावीकडे दुसरी, उजवीकडे तिसरी, मध्ये आभाळाची एक चिंधी. समोरच्यांच्या स्वयंपाकघराच्या ग्रिलवरचा गंज दिसला. दोरीवरच्या बनियनची वीण दिसली. चहाच्या कपावरची फुलं मोजता आली. मी नवऱ्याला बोलावून दाखवलं, तोही खूश झाला. त्यापलीकडे बघायला जागाच नव्हती, आणि जागा नाही हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तिथे राहणाऱ्या माणसाला तीस फूट म्हणजे पुष्कळ वाटतात.

रिंगची जाडी मी मोजली नाही. व्हर्नियर ऑफिसात होता, शुक्रवारी मी ऑफिसात गेलेही होते, रिंग पिशवीत नेता आली असती. पण ड्रॉइंग माझं होतं, सही माझी होती. मोजायचं कशाला?

रविवारी अष्टमी होती. "अष्टमीला सकाली आठाला पानी फिरतं," मावशीने सांगून ठेवलं होतं. साडेसातला मी धक्क्यावर हजर. मावशीने मला धक्क्याला बांधलेल्या एका होडीच्या आडोशाला बसवलं. भरती टम्म भरलेली होती. आठ वाजून गेले आणि काठाजवळचा कचरा हळूहळू उलटा सरकायला लागला. मग पाइपाने आधी एक उचकी दिली आणि तांबडी धार बाहेर पडली. वॉचमन बाजूला उभा राहून विडी ओढत होता. याहून चांगला फोटो कोणाला मिळाला असता?

मी लेन्स डोळ्याला लावली आणि फोकसची रिंग फिरवली. धूसर. आणखी फिरवली. थोडं जमू लागलं, तिवरं झाडांसारखी दिसू लागली, आणि लेन्स अडली. शेवटाला येऊन थांबली. पुढे फिरायला जागाच नाही, आणि पाइप अजून धूसर. मी जोर लावला. लेन्सवर शेवटी आडव्या आठाची खूण असते, अनंताची. म्हणजे याच्यापुढचं सगळं जग स्पष्ट दिसतं. काटा त्या खुणेवर होता आणि माझ्यासमोर नुसतं तांबडं-काळं सारवण होतं. तेव्हा कळलं. लेन्स फिल्मपासून हवी त्याहून लांब बसली होती. अशी लेन्स समोरच्या बिल्डिंगचा गंज बघते, खाडीपलीकडचा पाइप तिला कधीच दिसत नाही. रिंग जाड होती.

तरी मी धडपडले. लेन्सचं भोक अगदी बारीक केलं, त्याने थोडं सुधारतं. पण मग उजेड कमी पडतो आणि कॅमेरा बराच वेळ न हलता धरावा लागतो. होडीच्या काठावर टेकवला तर होडी खाली पाण्यात डुचमळत होती. ज्या हाताचं कौतुक झालं होतं त्याचा इथे काही उपयोग नव्हता. तसेच सगळे फोटो ओढले. शेवटी साध्या लेन्सनेही चार काढले, टाचणीएवढ्या पाइपाचे.

मावशी माझ्यामागे उभी होती. "काढला काय?" तिने विचारलं.

"काढला," मी म्हटलं.

हे खोटं मी का बोलले ते मला अजून नीट सांगता येत नाही. मला तिच्याकडे बघवलं नाही, एवढं खरं.

बुधवारी फोटो धुऊन आले. मी ते जेवणाच्या टेबलावर पसरले. तांबडे डाग, काळे डाग, एकात वॉचमन असावा असा एक उभा डाग. नवरा एकेक उचलून बघत होता. मग तो थांबला आणि म्हणाला, "अगं, तो टर्नर म्हणाला होता खरा काहीतरी. अर्धा सूत माल ठेवलाय, लावून बघा आणि परत आणा, मग फायनल कट मारू. असं काहीसं."

अर्धा सूत म्हणजे इंचाचा सोळावा भाग. दीड मिलिमीटर. रिंग तेवढी मुद्दाम जाड ठेवलेली होती.

"कधी म्हणाला होता?"

"आणायला गेलो तेव्हा. मला वाटलं, ते लोक म्हणतात तसं काहीतरी असेल."

त्यानंतर मी जे बोलले ते शेजाऱ्यांनी ऐकलं आहे, इथे लिहीत नाही. नवरा वाईट नाही. तो बँकेत होता, सूत म्हणजे त्याला शिवणाचं सूत. पण ज्याला काही कळत नव्हतं त्याला सांगितलं गेलं, आणि जिला एका शब्दात कळलं असतं तिला नाही, याचा राग मी कोणत्या खिडकीतून फेकू?

गुरुवारी रजा टाकून मी एकटीच शेडवर गेले. पिशवीतली रिंग काढून टर्नरच्या पुढ्यात आपटली.

"हे तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"ताई, साहेबांना सांगितलं होतं की."

"ड्रॉइंग कोणी काढलंय?"

"साहेबांनीच ना?"

"खाली सही बघा."

त्याने चष्मा लावला. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं ड्रॉइंग काढून सही वाचली, मग माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "तुम्ही काढलंय?" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कौतुक होतं म्हणून मी आणखीच भडकले. मग तो शांतपणे म्हणाला, "पण ताई, यावर फिनिशची खूण नाही. त्रिकोण नाहीत. त्रिकोण नसले तर आम्ही माल ठेवतो. जास्त असला तर काढता येतो, जास्त काढला तर परत कुठून लावणार?"

मी ड्रॉइंग ओढून घेतलं. नव्हते. कुठला पृष्ठभाग शेवटच्या मापापर्यंत गुळगुळीत तासायचा हे दाखवायला ड्रॉइंगवर छोटे उलटे त्रिकोण काढतात. बारा वर्षांत मी असे लाखभर त्रिकोण शाईने भरले असतील, दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर, कारण पेन्सिलीने ते कोणीतरी आधी काढून ठेवलेले असायचे. पहिल्यांदा स्वतःचं ड्रॉइंग काढलं तेव्हा काढून ठेवणारं कोणी नव्हतं आणि मला ते आठवले नाहीत. माझा पारा तिथे अर्ध्यावर आला. उरलेला अर्धा मात्र त्याच्या नावावर तसाच राहिला. खूण विसरले ती मी, पण सांगायचं कोणाला हे विसरला तो.

त्याने रिंग लेथवर धरली, दोन हलके कट मारले, व्हर्नियर लावून मला दाखवला. मला, नवऱ्याला नाही. साडेतीन. सगळ्याला मिळून पाच मिनिटं लागली असतील. मी शेडबाहेर येऊन लेन्स कॅमेऱ्याला लावली. दूर मलंगगडाचा कडा दिसला, त्याच्या भेगा दिसल्या. मला रडू आलं, संतापाने.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुनावणी. तारखेआधी रविवार उरलेला नव्हता. मावशी आणि मी ठाण्याला त्या ऑफिसात दहाला पोचलो. मावशीने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. आम्हाला बाकावर तीन तास बसवलं. मग शिपायाने एका पुरुषाचं नाव पुकारलं. मावशी उठली.

साहेबाने कागदावरून नजर काढली. "हे कुठे आहेत?"

"तो माजा घरवाला. वारला, सात वरसां झाली. होरी त्याच्या नावावर व्हती म्हनून अर्ज लिव्हनाऱ्याने त्याचा नाव घातला. अर्ज माजा हाय. आंगठा माजा हाय."

"मग घरातलं दुसरं कोणी पुरुष माणूस?"

"मी आयली हाय ना," मावशी म्हणाली.

मी मध्ये पडले. म्हटलं, साहेब, यांचं म्हणणं लिहून घ्या, या इथे हजर आहेत असं लिहा. तो म्हणाला, "बघू, बघू. पुरावा काय आणलाय?" मी फोटो पुढे केले. त्याने पहिला उलटा धरला, मग सुलटा केला. त्याची चूक नव्हती, दोन्ही बाजूंनी तो सारखाच दिसत होता. मी लेन्सचं सांगितलं, आता ती दुरुस्त झाली आहे म्हटलं, फक्त एक रविवार द्या, येत्या सोमवारी स्वच्छ फोटो टेबलावर ठेवते. त्याने फोटो फाइलमध्ये घातले, नाडी बांधली आणि घड्याळाकडे बघितलं. कारखान्याकडून आलेला सफारीतला माणूस शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्याला खुर्ची मिळाली होती, मावशी उभी होती. त्याने सगळं लक्ष देऊन ऐकलं. येत्या रविवारचंही.

परत येताना मी मावशीला खरं सांगितलं, की त्या दिवशी काढला म्हटलं ते खोटं होतं.

"मना ठाव व्हता," ती म्हणाली. "तुजा तोंड बगितला ना मी."

रविवारी पुनव होती, पाणी दुपारी फिरणार होतं. आम्ही दोघी उन्हात धक्क्यावर बसलो. लेन्स आता अशी झकास चालत होती की तिवरांच्या पानांवरचं मीठ दिसावं. वॉचमनच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसलं. पाइप दिसला नाही. जिथे तो होता तिथे मातीचा ताजा भराव होता, आणि त्याच्यापुढे, पाण्याच्या बऱ्याच आत, पाणी फिरल्यावर बुडबुडे यायला लागले. पाइप वाढवून पाण्याखाली नेला होता. मी बुडबुड्यांचे फोटो काढले. स्वच्छ, सुरेख, रेखीव बुडबुडे. ते कशाचे आहेत हे कुठल्याही लेन्सला सांगता आलं नसतं.

मी ते फोटो रजिस्टर पोस्टाने पाठवले. पोचपावती आली, उत्तर नाही. मावशी अधूनमधून यायची. पाटीत पापलेट, हलवा असायचा, मुंबईच्या बाजारातून पहाटे विकत आणलेला. खाडीचं म्हावरं तिने विकणं सोडलं होतं. "खानाऱ्याला काय सांगू?" म्हणायची. होडी भावाने उलटी करून ठेवली होती.

चारेक महिन्यांनी ती एका सकाळी पाटीशिवाय आली. कनवटीला एक सरकारी पाकीट होतं. "वाच," ती म्हणाली आणि दारातच बसली.

वर तिच्या नवऱ्याचं नाव होतं, आधी 'श्री.' लावून. खाली टाइप केलेल्या दोन ओळी. सादर केलेला पुरावा अस्पष्ट असल्याने ग्राह्य धरता येत नाही. तसेच सुनावणीच्या दिवशी तक्रारदार गैरहजर राहिल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.

पहिली ओळ माझी आहे. ती मी कबूल करते, मरेपर्यंत करीन. दुसरी ओळ मी तिला वाचून दाखवली तेव्हा तिला ती कळली नाही, म्हणून पुन्हा वाचली. मग गैरहजर म्हणजे काय ते सांगावं लागलं.

मावशीने तो कागद माझ्या हातातून घेऊन डोळ्यांसमोर धरला. तिला वाचता येत नव्हतं, तरी बघत होती.

"मी व्हती ना तिथं?" तिने विचारलं. "तुज्या बाजूला?"

"होतीस," मी म्हटलं.